गिटारच्या मानेवरचे सुटणारे पोपडे

गिटारच्या मानेच्या मागच्या बाजूचे पॉलिश अंगठ्याखाली पोपडे सुटून निघत आहे आणि गावातील सुताराने सगळे रंध्याने साफ करून देतो असे सांगितले आहे, असे आपण लिहिले आहे. कृपया तसे करू देऊ नये, कारण रंध्याने मानेची गोलाई बिघडली की ती पुन्हा मिळत नाही. पॉलियुरेथेनचा (प्लास्टिकसारख्या कडक पॉलिशचा) नवा हात जुन्या थराशी एकजीव होत नाही, त्यामुळे डाग दिसत राहील. पण वाजवताना खरा त्रास देते ती टोचणारी कड. सुटलेल्या पोपड्याच्या कडेला पातळ सुपरग्लूचा थेंब सोडावा, तो आपोआप आत ओढला जातो. पूर्ण वाळल्यावर ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, नख फिरवून कड लागेनाशी होईपर्यंत हलक्या हाताने घासावे.

लाकूड उघडे पडले असल्यास ते तसेच ठेवू नये, विशेषतः मेपलचे, कारण ते घाम आणि पावसाळी दमट हवा शोषून घेते. आपल्याकडे जवस पिकतो, म्हणून त्याचे घाण्यावरचे कच्चे तेल लावावेसे वाटते. परंतु ते फार दिवस चिकट राहते. रंगाच्या दुकानात मिळणारे बॉइल्ड लिनसीड ऑइल (लवकर वाळणारे जवसाचेच तेल) अगदी पातळ लावून उरलेले लगेच पुसावे. पुसलेली चिंधी चुरगळून ठेवल्यास आपोआप तापून पेट घेऊ शकते आणि आपल्या मे महिन्यात तर हा धोका अधिकच असतो, त्यामुळे ती पाण्यात बुडवूनच टाकावी.