प्रति: अणुबॉम्ब नको म्हणणारे फक्त डावेच?

वर एकानं लिहिलंय की अणुबॉम्ब नको म्हणणारे सगळे डावेच, ते काय पटलं नाही बघा. २००७ ला अमेरिकेत किसिंजर नि शुल्ट्झ हे रिपब्लिकन म्हणजे उजव्या पक्षाचे माजी परराष्ट्रमंत्री, माजी संरक्षणमंत्री पेरी नि माजी सिनेटर नन हे समोरच्या डेमोक्रॅट पक्षाचे, चौघांनी मिळून पेपरात लेख लिहिला की अण्वस्त्रं जगातनंच संपवायला पायजेत, आणि किसिंजर म्हणजे काय साधू माणूस नव्हे! १९८६ ला आइसलंडात रेक्याविकला अमेरिकेचे रेगन नि सोव्हिएत रशियाचे गोर्बाचेव्ह पण अण्वस्त्रं संपवायच्या कराराच्या अगदी जवळ आलेले, अडलं कुठं तर रेगनच्या अवकाशातल्या क्षेपणास्त्रं अडवायच्या ढालीच्या चाचण्या लॅबच्या बाहेर करायच्या का नाही ह्यावर.

आपल्याकडं राजीव गांधींनी १९८८ ला युनोत २०१० पर्यंत अण्वस्त्रं संपवायचा प्लॅन मांडला, वाजपेयींनी ९८ ला पोखरण केलं तरी अण्वस्त्रमुक्त जगाची भाषा सोडली नाही. पण २०१७ च्या युनोतल्या अण्वस्त्रबंदी कराराला १२२ देशांनी होय म्हटलं तेव्हा भारत चर्चेलाच गेला नाही.

आता सगळे पक्ष एक झाले म्हणजे प्रश्न सुटतोच असं पण नाही, सर्वपक्षीय ठरावाचं काय होतं ते आम्हा बेळगाववाल्यांना विचारा की, डिसेंबर २०२२ ला महाराष्ट्र नि कर्नाटक दोन्ही विधानसभांनी सीमाप्रश्नावर एकमतानं ठराव केले, एकमेकांच्या उलटे, आणि केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात. बाकी निपाणीत चहाच्या गाड्यावर 'टाका एक बॉम्ब' म्हणणारे पण सगळ्या पक्षांचे असतात बरं का.