विषय: मरळ म्हणून घरी आणली, पण ही मरळ दिसत नाही

प्रेषक: विनोनाकर
मंगळवार, रात्री 10:40

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या मखराची चर्चा चालू असताना मध्येच घुसतोय, माफी असावी. पण आपल्या मंडळाच्या ईमेल लिस्टवर गळवाले बरेच आहेत, म्हणून विचारतो.

शनिवारी पहाटे इथे मिनेसोटात विनोनाच्या खालच्या अंगाला मिसिसिपीच्या बॅकवॉटरमध्ये होतो. बास मासा मिळेल या आशेनं कमळपानांवरून रबरी बेडूक ओढत होतो. एका फटीत ‘बुळुक’ झालं, पाठोपाठ चार बुडबुडे वर आले. अंगावर काटा आला. आमच्या गावी कृष्णेच्या डोहावर मामा बांबूला दोरी बांधून जिवंत बेडूक लावायचा आणि मरळ काढायचा. मरळ अशीच श्वास घ्यायला वर येते नि जाताना बुडबुडे सोडते. मी बेडूक त्या बुडबुड्यांच्या पुढ्यात टाकला. दोनदा हलवला असेल नसेल, पान फाटल्यासारखा आवाज झाला आणि बेडूक गायब.

पुढची पाच मिनिटं काय सांगू. मासा सरळ देठांच्या गुंत्यात शिरला आणि स्वतःभोवती गिरक्या घ्यायला लागला. वर आला तो घमेलंभर शेवाळ गुंडाळूनच. बोटीत घेतल्यावर आमिषांचा डबा उधळला, कॉफी सांडली, माझ्या पायावर शेपटीचे दोन फटके. लांबलचक अंग, पाठभर एकच झालरीसारखा पर, गोल शेपटी. मरळच, दुसरं काय?

शेजारच्या बोटीतले एक वयस्क गृहस्थ ओरडले, “स्नेकहेड! सोडू नकोस, बाहेरून आलेली जात आहे, मार!” स्नेकहेड म्हणजे मरळीच्या कुळाला इकडचं नाव. मी मारला. वल्ह्यानं.

घरी येऊन मोजला, 26 इंच, साडेसहा पौंड. आणि धुताना पाहिलं तर शेपटीच्या बुडाशी काळा ठिपका, भोवती नारिंगी कडं, अगदी मोरपिसावरच्या डोळ्यासारखा. मरळीला असा डोळा मी तरी कधी पाहिला नाही. सध्या मासा फ्रीझरमध्ये आहे. आमच्याकडे श्रावण पाळतात, त्यामुळे तो वाटाण्यांच्या पिशव्यांखाली लपवलाय. ही काय भानगड आहे?

— विनोनाकर

प्रेषक: मिनेटोंकाकर
मंगळवार, रात्री 11:25

अरे विनोनाकर,

मरळ नव्हे, बोफिन. इथले जुने लोक डॉगफिश म्हणतात, दक्षिणेत ग्रिनेल, मडफिश, आणि लुइझियानात शूपीक. अमेरिका-कॅनडाच्या गोड्या पाण्यातला पक्का इथला मासा. तुझ्या-माझ्या व्हिसाच्याच काय, त्या बोटीवाल्याच्या खापरपणजोबांच्याही कितीतरी आधीचा.

चूक तुझ्या एकट्याची नाही. मीही पहिल्या वर्षी फसलो होतो. ओळखायचं कसं ते सांगतो, एकदा पाहिलंस की जन्मात विसरणार नाहीस. मासा उलटा कर. मरळीचा पोटाकडचा मागचा पर लांब असतो, जवळजवळ शेपटीपर्यंत पोचतो. बोफिनचा तोच पर आखूड, तळहाताएवढा. मग पोटावरची परांची जोडी बघ. मरळीची पुढे, छातीला चिकटून, बोफिनची पार मध्यावर. आणि डोकं! मरळीच्या डोक्यावर खवले असतात, सापासारखे, म्हणून ‘स्नेकहेड’ हे नाव. बोफिनचं डोकं गुळगुळीत. लिनियस या शास्त्रज्ञानं 1766 मध्ये त्याला नाव दिलं ते ‘आमिया काल्वा’. काल्वा म्हणजे टकला.

तो बाहेरच्या जातीचा धाक मात्र खोटा नाही. 2002 मध्ये मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावातल्या तळ्यात उत्तरी स्नेकहेड सापडला आणि अख्खं तळं विष घालून साफ करावं लागलं. कुणीतरी आजारी माणसाच्या सूपासाठी जिवंत जोडी विकत आणली होती नि गरज संपल्यावर तळ्यात सोडली. (आजारातून उठलेल्याला मरळीचा रस्सा द्यायचा, हे आपल्याकडेही आहेच की.) त्याच वर्षी सरकारनं जिवंत मरळ आणायला बंदी घातली. तेव्हापासून लांब पराचा गोल शेपटीचा मासा दिसला की लोक आधी सोटा उचलतात नि मग बघतात. मार खातो बोफिन.

बरं, शेपटीवरचा डोळा ठळक असेल तर तो नर. मादी आकारानं मोठी, पण तिचा ठिपका पुसट असतो किंवा नसतोच.

आणखी एक. मिनेसोटात 2024 पासून कायद्यानं बोफिनला ‘देशी रफ फिश’ (रफ फिश म्हणजे कमी मोलाचा मानलेला मासा) असा वेगळा दर्जा दिलाय. आधी तो बाहेरून आलेल्या कार्पच्याच पंगतीत बसायचा. मारून काठावर फेकून देणं चालत नाही. तू घरी नेलास, ते बरं केलंस.

— मिनेटोंकाकर

प्रेषक: बेलव्हिलची माई
बुधवार, सकाळी 7:10

विनोनाकर बाबा,

तो मासा वितळवायचा विचारही करू नको. मी करून पाहिलंय म्हणून सांगते.

आमचे हे इथे कॅनडात बे ऑफ क्विंटीवर पाइक माशासाठी जातात. चार वर्षांमागे दोन बोफिन घेऊन आले. मी मालवणची, मासा फेकून देणं माझ्या हातून होत नाही. म्हटलं, मरळीचा भाऊ दिसतो, आगळ-तिरफळ घालून तिखलं करू. एक त्याच रात्री केला. बरा लागला, थोडा चिखलट वास, पण मांस पांढरं. दुसरा फ्रीझरमध्ये टाकला. पंधरा दिवसांनी काढला, तुकडे रश्शात सोडले आणि झाकण उघडते तर कालवणात तुकडा म्हणून नाही! कापूस पिंजल्यासारखं सगळं विरघळलेलं. ह्यांनी चमचा फिरवून विचारलं, “ही खीर कसली?”

मग इथल्या एका म्हाताऱ्या बाईनं सांगितलं. ह्याचं मांस मेल्यावर पटकन मऊ पडतं. खायचाच तर पकडल्या पकडल्या रक्त काढून बर्फात पुरायचा आणि त्याच दिवशी चुलीवर. शिळा बोफिन मांजरही खात नाही. आमचं तरी खाल्लं नाही.

लुइझियानात ह्याची गाभोळी खारवून काळ्या कॅव्हियारसारखी विकतात म्हणे. गाभोळी म्हटल्यावर माझ्या तोंडाला पाणी सुटलं, पण आमच्या वाट्याला आले ते दोन्ही नर. नशीब.

— माई

प्रेषक: एडायनाकर
बुधवार, सकाळी 9:02

सन्माननीय सभासद,

श्रावण चालू आहे. लिस्टवर शाकाहारी मंडळीही आहेत. रक्त, गाभोळी, तिखलं हे सकाळी चहाबरोबर वाचवत नाही. निदान विषयाच्या ओळीत आधी इशारा द्यावा ही विनंती. मखराच्या थर्माकोलला पर्याय काय, या माझ्या रविवारच्या प्रश्नाला अजून कुणीही उत्तर दिलेलं नाही.

— एडायनाकर

प्रेषक: ला क्रॉसचा धाकटा
बुधवार, दुपारी 12:30

एडायनाकर काका, पुठ्ठा आणि बांबू. माझ्याकडे दोन्ही आहे, शनिवारी आणून देतो. आता माशाकडे वळू?

विनोनाकर दादा, तू मारलास तो नर होता हे वाचून मला जरा वाईट वाटलं, रागावू नकोस. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी कयाक घेऊन आपल्याच नदीच्या एका आतल्या ओढ्यात गेलो होतो. गुडघाभर पाणी, तळ स्वच्छ दिसत होता. पाण्यात फुटबॉलएवढा काळा ढग हलताना दिसला. आधी वाटलं बेडकाची पिल्लं. जवळ गेलो तर शेकडो छोटे मासे, प्रत्येक जेमतेम इंचाचा, एकमेकांना धरून चाललेले. आणि त्यांच्या खाली बाप. त्याचे खालचे पर इतके हिरवे की मला वाटलं कुणाचं प्लास्टिकचं आमिष अडकलंय. विणीच्या दिवसांत नराला हा रंग चढतो.

हा नर वसंतात वनस्पती तोंडानं उपटून थाळीएवढी जागा साफ करतो. मादी अंडी घालून निघून जाते. पुढचं सगळं हा बघतो. पिल्लं बाहेर आली की पहिला आठवडाभर नाकाच्या चिकट टोकानं मुळांना लटकून राहतात, मग थवा करून फिरतात, आणि चारेक इंचांची होईपर्यंत बाप मागे असतो. मी वल्हं थव्याजवळ नेलं तर त्यानं येऊन वल्ह्याला धडक दिली. पळून नाही गेला. कयाकच्या तळाला दुसरी धडक बसली तेव्हा मीच मागे फिरलो.

आमचे आजोबा सांगतात, मरळही अशीच पिल्लांच्या थव्याखाली राखण करते, आणि गावचे लोक त्याच थव्यात गळ टाकून तिला काढतात. ते मला कधीच पटलं नाही. पण दादा, तू ऑगस्टमध्ये मारलास. तोवर पिल्लं सुटी झालेली असतात. तेवढं मनाला लावून घेऊ नकोस.

— धाकटा

प्रेषक: नागपूरकर (मॅडिसन)
बुधवार, रात्री 9:48

काय हो विनोनाकर,

मासा फेकू नका, निदान डोकं तरी ठेवा! मी निवृत्त भूगर्भवाला, मासे खाण्यातलं मला काही कळत नाही, पण दगडातले मासे आयुष्यभर पाहिले.

बोफिन ज्या कुळातला आहे त्याची पृथ्वीवर एके काळी रेलचेल होती, समुद्रातसुद्धा. आज त्या कुळाचं इथे उत्तर अमेरिकेतच काय ते उरलंय. त्याचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग म्हणजे गार, तो लांब चोचीचा मासा, तुमच्या त्याच बॅकवॉटरमध्ये असतो. तोही हवा गिळतो. आणि गंमत ऐका: गारच्या कुळातल्या माशाचे अवशेष आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला मिळाले आहेत. लॅमेटा थरांत, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या काळातले. वुडवर्ड या ब्रिटिश जीवाश्म-अभ्यासकानं 1908 मध्ये त्यांचं वर्णन छापलं. मी विद्यार्थी असताना त्या शिवारात उन्हात खवले शोधत फिरलोय. चमचमते, चौकटीसारखे, मुलामा दिल्यासारखे खवले. मॅडिसनला आल्यावर पहिल्यांदा जिवंत गार पाहिला तेव्हा मी पुलावर उभा राहून बायकोला हाक मारली होती, “अगं, डोंगरगाव बघ!”

मिनेटोंकाकर, एक दुरुस्ती. 2022 पासून आपल्याकडच्या बोफिनला काल्वा म्हणत नाहीत. त्या वर्षीच्या अभ्यासानं दोन जाती मानल्या. मिसिसिपी आणि ग्रेट लेक्सकडचा तो आमिया ओसेलिकॉडा. हे नाव लेक ह्यूरॉनच्या नमुन्यावरून 1836 मध्येच दिलेलं होतं, नंतर मागे पडलं होतं. अर्थ ‘शेपटीवर डोळा असलेला’. म्हणजे विनोनाकरांनी घरी धुताना जे पाहिलं तेच.

डोकं कशासाठी हवं? खालच्या जबड्याच्या दोन फांद्यांच्या मधोमध, हनुवटीखाली, एक रुंद हाडाची पाटी असते. जुन्या माशांत ती सर्रास दिसते, आजच्या बहुतेकांत नाही. मंडळाच्या मराठी शाळेतल्या पोरांना हातात धरून दाखवता येईल. उकळून साफ मी करतो.

— नागपूरकर

प्रेषक: विनोनाकर
रविवार, रात्री 8:15

मंडळी,

आज पुन्हा गेलो. यावेळी तयारीनं. आमिषाच्या पुढे फूटभर पोलादी तार, लांब नाकाची पक्कड, आणि मोठं रबरी जाळं. माईंचं ऐकून बर्फही नेला होता, पण तो शेवटी कोकच्या कामी आला.

ऊन चढल्यावरच मजा. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी पडतो, मग हे वर येऊन हवा गिळतात. दहा वाजेपर्यंत एकही बुडबुडा नव्हता, अकराला एका कोपऱ्यात तीन ठिकाणी ‘बुळुक’. बेडूक दोनदा हुकला. तिसऱ्यांदा गांडूळ नि माशाचा तुकडा लावून देठांच्या कडेला नुसता पडू दिला. दोरी हळूच बाजूला सरकली, एक-दोन-तीन मोजले आणि ओढली.

ही मादी होती. शेपटीवरचा ठिपका पुसट, बोटानं पुसल्यासारखा. मी जाळं पाण्यातच ठेवलं, पक्कडीनं गळ काढला. तरी अंगठा मध्ये गेलाच. दात बारीक दिसतात पण खिळ्यांच्या पट्टीसारखे आहेत, हे टाइप करताना अंगठ्याला पट्टी आहे. जाळं कलंडलं तशी ती घाईघाईनं पळाली नाही. पाठीवरची झालर नुसती लाटेसारखी हलत होती, अंग न हलवता ती मागे सरकली. मागे! मग वळून कमळांखाली गेली. दहा-बारा हातांवर पुन्हा ‘बुळुक’.

ते बोटीवाले गृहस्थ तिथेच होते. ओरडले, “सोडलास?” मी बोट जवळ नेली आणि फोनवर दोन्ही माशांची पोटं दाखवली, आखूड पर नि लांब पर. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा करून पाहिला, पुन्हा पाहिला. म्हणाले, चाळीस वर्षं मी हे मारतोय. मग काही बोलले नाहीत. मोटर चालू करून निघून गेले. मीही गेल्या शनिवारी वल्हं उचललं होतं, त्यामुळे माझ्यापाशी बोलायला काही नव्हतं.

एडायनाकर, आजचा मासा श्रावणात सोडलेला आहे, नोंद घ्यावी.

फ्रीझरमधल्याचं धड टोमॅटोच्या वाफ्यात पुरलं, रॅकूननं ते रात्रीच उकरलं. डोकं मात्र ठेवलंय. नागपूरकर, गणपतीला याल तेव्हा झाकणाचा डबा घेऊन या. आमचा डबा मिळणार नाही असं आतून सांगणं आहे.

— विनोनाकर