एमएसडब्ल्यू (ग्रामीण विकास) नागपूर: सेमिनारमध्ये नेमकं काय विचारतात? अन बाकी लाइफ कसं असते?

पवनीवाला_०७

नमस्कार मंडळी. मी पवनी तालुक्यातला, बीए गावाजवळच्याच कॉलेजातून केलं अन यंदा नागपूरला एमएसडब्ल्यूला (मास्टर ऑफ सोशल वर्क) नंबर लागला, ग्रामीण अन आदिवासी विकास हे स्पेशलायझेशन घ्यायचा विचार आहे. बाबा रोज विचारून राहिले की शेतकऱ्याचं पोट्टं गाव सोडून नागपूरले जाते अन तिथं जाऊन गावाचाच अभ्यास करते, हे कायले? खरं सांगतो, माझ्याजवळ उत्तर नाही.

तर प्रश्न असा. इथं प्रत्येकाला सेमिनार द्यावा लागते, सगळ्यांसमोर उभं राहून, मग पोरं पण प्रश्न विचारतात अन सर पण. मी आजपर्यंत गॅदरिंगमध्ये सुद्धा स्टेजवर चढलो नाही, इंग्लिशचं तर जाऊच द्या. यादीत माझं नाव वरच आहे अन विषय आला "पंचायत राज आणि ७३ वी घटनादुरुस्ती", पंधरा दिवस आहेत हातात. नेटवरून पीपीटी डाउनलोड करून थोडी बदलली तर चालते का? आणि होस्टेल, मेस, फील्ड वर्क, कॅम्प हे कसं असते, जाण्यायेण्याचा खर्च कोण देते? ज्यांनी केलं त्यांनीच सांगा, "मेहनत कर भाऊ" असं लिहू नका प्लीज.

काटोलची_संत्री

डाउनलोड करू नको रे बाबा. मी केली होती, अन गंमत म्हणजे माझा पण पहिला सेमिनार हाच विषय होता.

२२ स्लाइड. पहिल्या स्लाइडवर गांधीजी, शेवटच्या स्लाइडवर गुलाबाचं फूल अन धन्यवाद. मधात सगळं घडाघडा, बलवंतराय मेहता समिती १९५७, मग अशोक मेहता समिती, मग १९९२ ची दुरुस्ती, २४ एप्रिल १९९३ पासून लागू, अकरावी अनुसूची, २९ विषय. मला वाटलं जिंकलं. मॅडमनी शांतपणे ऐकलं अन विचारलं, तुझ्या गावात मागची ग्रामसभा कधी झाली? मी म्हटलं १५ ऑगस्टला (अंदाजानं, झेंडावंदनानंतर असतेच म्हणून). तू होतीस? नाही. गणपूर्ती झाली होती? मी ब्लँक. वर्गात फक्त कूलरचा आवाज.

तेवढ्यात मागून एक मुलगा बोलला, गडचिरोलीकडचा, वर्गात कधी तोंड उघडत नव्हता. म्हणाला, मॅडम गणपूर्तीले मतदारांच्या १५ टक्के नाहीतर १०० लोक, यातलं जे कमी असल ते लागते. तेवढे नाही आले तर सभा तहकूब होते, अन तहकूब सभेले गणपूर्ती लागतच नाही, म्हणून पहिल्या सभेले कोणी मनावर घेऊन लोकांना बोलवतच नाही. सगळे हसले, मॅडम नाही हसल्या. त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि पुढचा अख्खा तास त्या एका वाक्यावर गेला. माझ्या २२ स्लाइड कुठं गेल्या कोणाला आठवत पण नाही, त्या मुलाचं वाक्य आमच्या बॅचला अजून पाठ आहे.

त्या रात्री मी गावी काकूला फोन केला, ती बचत गटात आहे. म्हटलं काकू, ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते न आपल्याकडे? तर म्हणे "अवं, रजिस्टरच घरी येते सहीले. मागच्या वेळेस मी कणीक मळत होती, तर पोरगा दहा मिनिटं थांबला बिचारा, हात धुवेपर्यंत." माझा पुढचा सेमिनार मी याच्यावरच दिला, पीपीटी नाही, एक कागद फक्त, अन पाऊण तास प्रश्न चालले.

तुझ्याजवळ पंधरा दिवस आहेत. एकदा गावी जा, ग्रामपंचायतीत प्रोसिडिंग बुक पाहायला माग, तुझ्या वॉर्डाचा मेंबर कोण आहे ते तरी माहीत करून घे (मला नव्हतं माहीत, लाज वाटते सांगायला). मराठीत बोलू देतात. वाचायचं बरंच इंग्रजीत असते, ते हळूहळू जमते.

मुक्कामी_गाडी

मी २०१६ चा पासआउट, सध्या बचत गटांच्याच कामात आहे, तालुका नाही सांगत. सेमिनारचं वर आलंच, मी कॅम्पचं सांगतो कारण खरं काही शिकलो असल तर तिथं.

हिंगणा तालुक्यातलं एक गाव, शाळेच्या दोन खोल्या, आम्ही तीसेक पोरं-पोरी आणि हापशी एक. पीआरए करायचा होता, म्हणजे गावाचा नकाशा गावच्या लोकांनीच जमिनीवर काढायचा, आपण बाजूला राहून पाहायचं. वर्गात रॉबर्ट चेंबर्स पाठ केला होता, काठी लोकांच्या हातात द्या वगैरे. अन आम्ही काय केलं? सकाळी देवळासमोर सडा टाकला, रांगोळीचा डबा उघडला आणि स्वतःच काढत बसलो. रस्ता, शाळा, विहीर, शेतं म्हणून हळद, झाडं म्हणून कडुनिंबाचा पाला. बाया कडेला उभ्या, पदर तोंडाला लावून हसून राहिल्या. मग एक म्हातारी आली, हातात तुऱ्हाटी, म्हणे "विहीर इथं नाही न बाबू" आणि आमची विहीर पायानंच पुसून टाकली, दुसरीकडे काढली. मग एक बाई खाली बसली, मग तिची जाऊ, अन अर्ध्या तासात आमच्या हातात डबा सुद्धा राहिला नाही. नकाशा झाला तेव्हा समजलं की नाल्यापलीकडची ११ घरं आमच्या नकाशात नव्हतीच. आदल्या दिवशी "गावफेरी" मारून आलो होतो आम्ही, नाल्यापर्यंत. म्हातारी त्या ११ घरांपैकीच होती.

दुसऱ्या दिवशी कामाचं कॅलेंडर. आम्ही कागदावर जानेवारी फेब्रुवारी लिहून बसलो, बाया गप्प. आमच्यातल्या एकीनं विचारलं, पोळ्याले काम असते का मावशी? बस, सुरू झालं. महिने खोडले अन पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत, होळी असं मांडलं, जितकं काम तितके तुरीचे दाणे ठेवायचे. दिवाळी ते संक्रांत दाण्यांचा ढीग, कापूस वेचणी न. होळीनंतर दोन दाणे. रोजगार हमी आम्ही परीक्षेसाठी शिकलो होतो, १९७२ चा दुष्काळ, १९७७ चा राज्याचा कायदा, २००५ चा केंद्राचा, पण कामाची मागणी नोंदवायची तर ती नेमकी कधी, हे ते दोन दाणे पाहिल्यावर डोक्यात गेलं.

खर्चाचं विचारलं तू. फील्ड वर्क आठवड्यातून दोन दिवस असते अन तिकीट आपल्याच खिशातून. शेवटची बस चुकली तर घाबरू नको, मुक्कामी गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात तिथं जागा मिळते. मी तीनदा झोपलो, नाव त्याच्यावरूनच आहे.

बर्डीवाला

सगळे गोड गोड सांगून राहिले म्हणून मी कडू सांगतो बे.

होस्टेल: चार जणात एक कूलर, अन मार्च लागला की रोज एकच भांडण, पाणी कोण भरल. मे मध्ये नागपूर ४५ च्या वर जाते, तेव्हा सेमिनार ठेवला तर ऐकणारे अर्धे झोपलेले असतात, तुझं टेन्शन आपोआप कमी. मेसमध्ये आलू-वांगं, आलू-वांगं, अन बदल म्हणून वांगं-आलू. महिन्याच्या शेवटी तर्री पोह्यावर दिवस काढायचा. पोरींना एसटीत २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं, आपल्याला फुल. स्कॉलरशिप येते पण ती येईपर्यंत मित्रांची उधारी डायरीत लिहून ठेव.

फील्ड वर्कचं रेकॉर्डिंग अर्धा वर्ग कँटीनमध्ये बसून लिहिते हे कोणी सांगत नाही. मी पण लिहिलं. एकदा "गावातील शाळेस भेट देऊन मुख्याध्यापकांशी सविस्तर चर्चा केली" असं लिहून दिलं, आयसीमध्ये (सर एकेकाला बसवून रेकॉर्डिंग तपासतात ते) सरांनी तारीख पाहिली, चष्मा वर केला अन म्हणे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी शाळा उघडी होती का? ज्या शहरात अख्खं पब्लिक त्या दिवशी मारबतची मिरवणूक पाहायला रस्त्यावर असते तिथं राहून मी हे लिहिलं. पूर्ण महिन्याचं फील्ड वर्क परत करायला लावलं.

अन एक मनातलं. गाव गाव ठीक आहे, पण नोकरीच्या मुलाखतीत रिपोर्ट इंग्लिशमध्येच लिहायला लावतात, एक्सेल येते का विचारतात. पहिल्या वर्षापासून इंग्लिश धर, यूजीसी नेटची (प्राध्यापकासाठीची परीक्षा) तयारी कर, सोशल वर्क विषय आहे त्यात. म्हातारीनं विहीर पुसली यावर कोणी पगार देत नाही.

काटोलची_संत्री

@बर्डीवाला तान्हा पोळा 😂😂 हे आमच्या बॅचपर्यंत पोचलं आहे, तो तूच का!

एक्सेलचं पटते. इंग्लिशचं अर्धंच. आम्ही स्टडी टूरला मेंढा (लेखा) ला गेलो होतो, गडचिरोलीतला धानोरा तालुका. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले तिथं, देशात सगळ्यात आधी मिळाले त्यातलं गाव, अन २०११ मध्ये ग्रामसभेनं स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकला. आम्ही चाळीस जण डायऱ्या उघडून बसलेलो. आमच्यातल्या एकानं विचारलं की तुमच्याकडे बहुमत किती लागते, तर समोरचे काका म्हणाले बहुमत नाही, सगळ्यांचं पटलं पाहिजे, नाही पटलं तर पुन्हा बसायचं. आम्ही होस्टेलच्या मेसचा मेन्यू सुद्धा सर्वसहमतीनं ठरवू शकत नाही. अन ही सगळी चर्चा त्यांची गोंडी-मराठीत चालते, त्याच्यावर इंग्लिश रिपोर्ट नंतर लोकांनी लिहिले.

पवनीवाला, एक राहिलंच. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तेव्हा पैसे वाचवून ठेव. माझी अर्धी लायब्ररी तिथलीच आहे, कॉलेजच्या लायब्ररीत एक कॉपी अन पन्नास पोरं. आणि सेवाग्रामला एखाद्या रविवारी स्वतः जाऊन ये, कॉलेजची ट्रिप म्हणजे फोटो काढून परत. तिथं गेल्यावर समजलं की त्या गावाचं नाव आधी शेगाव होतं, गांधीजींची पत्रं बुलडाण्याच्या शेगावले जायची म्हणून सेवाग्राम केलं. व्हायवामध्ये मी हे सांगितलं तर बाहेरून आलेले सर इतके खुश झाले की पुढचा प्रश्नच विसरले.

पवनीवाला_०७

सगळ्यांचे आभार, पीपीटी डिलीट केली. आता अपडेट देतो अन एक अडचण आहे.

गावी गेलो. ग्रामपंचायतीत दोन चकरा झाल्या, मंगळवारी या म्हणाले. मंगळवारी गेलो तर बाबा पण संगं आले, म्हणे चल पाहू तुझा अभ्यास. प्रोसिडिंग बुक समोर ठेवलं. मी विषय अन ठराव उतरवून राहिलो होतो, बाबा नुसती पानं उलटवून राहिले होते. १५ ऑगस्टच्या हजेरीवर थांबले. त्यांचं नाव अन समोर सही. बाबा बऱ्याच वेळ पाहत राहिले अन म्हणाले, "हे माही सही नोहे. मी र ले असा गाठोळा देतच नाही." त्या दिवशी ते धानाच्या निंदणीले होते, मीच डबा घेऊन गेलो होतो बांधावर. मग त्यांनी परत पहिल्या पानापासून सुरू केलं, अन बोटानं एकेक नाव वाचून राहिले, हा तर पुण्याले असते, हा तर मेला.

घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. रात्री जेवताना म्हणाले, तुमच्या पुस्तकात हे लिहिलं आहे का?

आता अडचण अशी की सरपंच आमच्या भाऊबंदातलेच आहेत. हे सेमिनारमध्ये सांगायचं की नाही? सांगितलं अन गावात पोचलं तर?

मुक्कामी_गाडी

सांग, पण गावाचं नाव काढून टाक, "भंडारा जिल्ह्यातील एक गाव" एवढंच. पानाचा फोटो काढला असशील तर दाखवू नको, इतरांची पण नावं आहेत त्याच्यात. कोणावर आरोप म्हणून नको मांडू, हजेरीत किती सह्या अन त्यातले किती लोक त्या दिवशी गावात होते, तेवढं विचारून ये, जे सांगायला तयार आहेत त्यांनाच विचार. वर्गात चर्चा पेटल, पेटू दे. अन बाबांना आधी विचार, सही त्यांची आहे.

पवनीवाला_०७

विचारलं. सांग म्हणाले. आता म्हणून राहिले की सेमिनार पाहायले मी पण येतो. येऊ देतात का बाहेरच्या माणसाले?

काटोलची_संत्री

मॅडमला विचारून ठेव, येऊ देतील. मागच्या बाकावर कूलरसमोर बसव. अन हजेरीचा कागद फिरला तर सही त्यांनाच करू दे.