अप्पांच्या क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी

बी-५०२: सचिव साहेब, काल रात्री आठ वाजता ते वसुलीवाले पुन्हा थेट दारापर्यंत आले. अप्पांनी कार्डाचे शेवटचे पैसे २०१६ साली भरले, हे आपल्याला ठाऊक आहेच. "पाचशे रुपये द्या, सही करा, प्रकरण मिटेल," असे म्हणत त्यांनी अप्पांच्या हातात पेनसुद्धा दिले. कागदावर छापले होते, "वरील रक्कम मला मान्य असून ती फेडण्याचे मी वचन देतो." मी तो कागद काढून घेतला.

सी-२०४: ताई, त्रास झाला याचे वाईट वाटते, पण घेतलेले पैसे फेडायलाच हवेत.

ए-१०१: सही अडवलीत, फार चांगले केलेत. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार अशा थकबाकीसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. त्यानंतरचा दावा, समोरच्याने हरकत घेतली नाही तरी, न्यायालयाला फेटाळावाच लागतो. मात्र मुदत टळलेले कर्ज फेडण्याचे लेखी वचन सहीनिशी दिले, तर करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे तो नवा करार ठरतो आणि त्यावर दावा चालतो. त्या कागदातली मेख हीच आहे.

बी-६०१: कोविडचा काळ मुदतीतून वगळला होता ना?

ए-१०१: होय, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२. पण अप्पांची मुदत २०१९ मध्येच संपली होती.

बी-६०१: मग सोसायटी माझ्याकडे २०१८ चा मेंटेनन्स कोणत्या तोंडाने मागते?

सचिव: हा विषय आपण काढणार, हे अपेक्षितच होते. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडील थकबाकीच्या दाव्याची मुदत त्याचे सभासदत्व संपल्यापासून किंवा निधनापासून मोजतात. आपण अजून सभासद आहात, तेव्हा कृपया भरणा करावा.

बी-६०१: आधी माझ्या छताची गळती पाहा.

सी-२०४: पुन्हा सांगतो, घेतलेले पैसे फेडायलाच हवेत.

बी-५०२: काका, वागळे इस्टेटमधला कारखाना बंद पडेपर्यंत अप्पांनी एकही महिना चुकवला नव्हता. आपण त्यांना ओळखता, तरीही हे तीनदा ऐकवणार का?

ए-१०१: काका, कर्ज नाहीसे होत नाही, दाव्याचा मार्ग तेवढा बंद होतो, बँक सभ्यपणे मागू शकते. पण संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठपूर्वी वसुलीसाठी फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, आणि हे तर आठ वाजता दारात उभे होते. ताई, बँकेच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. गृहकर्जवाल्यांनी मात्र हा तीन वर्षांचा हिशेब स्वतःला लावून घेऊ नये. तारणावरील दाव्याला बारा वर्षे असतात.

सचिव: आजपासून इंटरकॉमवर विचारल्याशिवाय वॉचमन कोणालाही वर सोडणार नाही.

बी-५०२: आभारी आहे. तक्रारीचा मसुदा संध्याकाळी ए-१०१ मध्ये घेऊन येते.