मदत हवी आहे: एका शेडची लाईट गेली की सगळ्या शेडचा पुकारा अडकतो (सी, पल्सऑडिओ)

मंडळी नमस्कार. लातूरकडच्या एका मोंढ्यात पुकाऱ्याची सिस्टिम बसवली आहे. सहा शेड, प्रत्येकात एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर, पुढं नुसतं पाय), त्याला अॅम्प्लिफायर आणि भोंगे. प्रत्येक पायवर पल्सऑडिओ (लिनक्सवर आवाज हाताळणारा सर्व्हर) चालतो आणि नेटवर्कवरून जोडणी घेतो. पोर्ट नेहमीचाच, ४७१३. कुकीची (जोडणीच्या परवानगीची) फाईल सगळीकडे एकच टाकली आहे. ऑफिसातल्या पीसीवर मी सी मध्ये लिहिलेला प्रोग्राम आहे, तो आवाज पाठवतो. सोयाबीनची आवक वाढली की "तीन नंबरमधले ट्रॅक्टर मागं घ्या", "पाच नंबरला सौदा सुरू होतोय" असं दिवसभर चालूच असतं. कधी एका शेडला, कधी सगळ्यांना.

एक थ्रेडेड मेनलूप आहे (वेगळ्या थ्रेडमध्ये सगळी देवाणघेवाण बघणारा), त्यावर सहा कॉन्टेक्स्ट (प्रत्येक पायशी एक जोडणी), सकाळी जोडून ठेवलेले. बटण दाबलं की मेनलूपचा लॉक घ्यायचा, निवडलेल्या शेडचा स्ट्रीम (त्या जोडणीवरचा आवाजाचा प्रवाह) तयार करायचा, पीए_थ्रेडेड_मेनलूप_वेट वर थांबायचं, स्ट्रीम रेडी झाला की पुढच्या शेडकडे जायचं. पल्सऑडिओचा सिंपल एपीआय (सोप्या फंक्शनचा संच) का नाही वापरला असं कुणी विचारायच्या आत सांगतो: तो प्रत्येक राइटला अडून बसतो, सहा शेडसाठी सहा थ्रेड सांभाळायची माझी तयारी नाही.

अडचण अशी. आमच्याकडे लाईटचं काही खरं नसतं. चार नंबरची लाईट गेली की लॉगमध्ये हे दिसतं:

शेड ३: स्ट्रीम रेडी
शेड ४: कॉन्टेक्स्ट रेडी, स्ट्रीम क्रिएटिंग
(इथं अर्धा मिनिट काहीच नाही)
शेड ४: स्ट्रीम फेल्ड, टाइमआउट
शेड ५: स्ट्रीम रेडी

म्हणजे पाच आणि सहा नंबरला पुकारा अर्ध्या मिनिटानं जातो. गंमत म्हणजे तीन नंबरला आधीच चालू असलेला आवाज मात्र अडकत नाही. पायवर जाऊन पल्सऑडिओ हातानं बंद केला तर कॉन्टेक्स्ट लगेच फेल्ड होतो. वायर उपटली तरच हा तमाशा. पाय बंद पडलाय, तरी कॉन्टेक्स्ट रेडी कसा म्हणतो? आणि बाकीच्या शेडना त्याची शिक्षा का?

परभणीकर: तुमच्या दोन प्रश्नांची कारणं वेगवेगळी आहेत.

पहिलं. प्रोसेस बंद केली की पायचा कर्नल सॉकेट रीतसर बंद करतो आणि तुमच्याकडे निरोप येतो. लाईट गेली तर निरोप द्यायला कुणी उरतच नाही. तुमचा पीसी पाठवलेला डेटा पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. लिनक्समध्ये टीसीपी_रिट्राइज२ (किती वेळा पुन्हा पाठवायचं ती सेटिंग) ची किंमत मुळात १५ असते, तिचा हिशोब ९२४.६ सेकंदांवर जातो, म्हणजे पंधरा मिनिटांच्या वर. तोवर कॉन्टेक्स्टच्या लेखी सगळं आलबेल. आणि हे डेटा पाठवलेला असेल तर. काहीच पाठवलं नसेल तर त्याला कळायचं कारणच नाही. ते अर्धं मिनिट लायब्ररीचं स्वतःचं आहे: सर्व्हरचं उत्तर आलं नाही की ३० सेकंदांनी ती त्या विनंतीवर टाइमआउट लावते.

दुसरं. वेट थांबताना लॉक सोडतं, म्हणून मेनलूप मोकळा असतो आणि तीन नंबरचे राइट कॉलबॅक (आणखी आवाज हवा की मेनलूप बोलावतो ते तुमचं फंक्शन) येत राहतात. अडकतो तो फक्त तुमचा फॉर लूप. असिंक्रोनस (उत्तरासाठी न थांबणारा) एपीआय घेतला आणि वापरला सिंक्रोनससारखा. त्या वेटला वेळेची मर्यादा देताच येत नाही, त्यामुळे बटणाच्या कोडमध्ये ते ठेवूच नका.

मी असं करीन. प्रत्येक शेडला एक स्ट्रक्ट: कॉन्टेक्स्ट, स्ट्रीम, पुकाऱ्यांची रांग, शेवटचं उत्तर कधी आलं ती वेळ. त्याचा पॉइंटर प्रत्येक कॉलबॅकला यूजरडेटा म्हणून द्यायचा. बटण दाबलं की लॉक घ्या, सहाही रांगांत पुकारा टाका, स्ट्रीम सुरू करा, लॉक सोडा, बाहेर पडा. पुढचं काम स्टेट कॉलबॅक (अवस्था बदलली की येणारा) आणि राइट कॉलबॅक करतील. कॉलबॅकच्या आत लॉक घ्यायचा नाही आणि वेटही करायचं नाही. तिथं लॉक आधीच घेतलेला असतो.

मेलेली जोडणी ओळखायला दर पाच सेकंदांनी पीए_कॉन्टेक्स्ट_गेट_सर्व्हर_इन्फो मागा. टाइमरसाठी पीए_कॉन्टेक्स्ट_आरटीटाइम_न्यू आहे. दुसऱ्यांदा मागायची वेळ आली तरी पहिल्याचं उत्तर नसेल तर तो शेड गेला असं धरा. आधी स्टेट कॉलबॅक नल करा, मग डिस्कनेक्ट, मग अनरेफ (आपला ताबा सोडणं). हा क्रम चुकवू नका: डिस्कनेक्ट केल्या केल्या टर्मिनेटेडचा कॉलबॅक तिथल्या तिथं येतो, आणि पुन्हा जोडायचा कोड त्यात असेल तर तो स्वतःलाच जाऊन धडकतो. एकदा फेल्ड झालेला कॉन्टेक्स्ट परत कनेक्ट होत नाही, बॅडस्टेट ही एरर मिळते. दर वेळी नवा बनवावा लागतो.

नांदेडकर: एवढं करण्यापेक्षा आरटीपी मल्टिकास्ट (एकच आवाज नेटवर्कवर एकदम सगळ्यांना सोडणं) का नाही? मॉड्यूल-आरटीपी-सेंड लावलं की जोडण्यांची भानगडच संपली. कोण जिवंत, कोण मेलं, पाठवणाऱ्याला देणंघेणं नाही. आणि पायची ओएस जुनी ठेवली असेल तर एक लक्षात असू द्या: २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून डेस्कटॉपवर पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर येतो. त्याचा पल्स भाग हीच भाषा बोलतो, तुमचा क्लायंट बदलावा लागणार नाही.

धागाकर्ता: नांदेडकर, शेडप्रमाणे वेगळा पुकारा आणि कुठल्या शेडला पोचला नाही याचा लाल दिवा, दोन्ही ऑफिसला हवं आहे. म्हणून आरटीपी नको.

परभणीकर, तुमच्या पद्धतीनं केलं. चार नंबरची वायर उपटली, पाच-सहा नंबरला फरकच पडला नाही, दहा सेकंदांत लाल दिवा लागला. आता दोन नवीन गोष्टी. लाईट आली की चार नंबर रांगेतले जुने पुकारे ओळीनं म्हणून दाखवतो, ट्रॅक्टर केव्हाच निघून गेलेले असतात. आणि दोन व तीन नंबर शेड खेटून आहेत. सगळ्यांना एकदम पुकारा दिला की घुमतो, एक जरा आधी बोलतो, एक नंतर.

परभणीकर: पुकाऱ्याला रांगेत टाकतानाची वेळ चिकटवा, मिनिटाच्या वर जुना असेल तर फेकून द्या. रेडी झाल्यावर रांग तपासायची, पाठवताना नाही.

घुमण्याचं पूर्ण जाणार नाही. प्रत्येक पायच्या साउंड कार्डाचं घड्याळ वेगळं आणि हे स्ट्रीम एकमेकांना ओळखत नाहीत. पण सुरुवात बरीच जवळ आणता येते. स्टार्ट_कॉर्क्ड फ्लॅग (कॉर्क म्हणजे आवाज थोपवून धरणं) देऊन स्ट्रीम बनवा, बफर भरून ठेवा, आणि २०० मिलिसेकंदांचा टाइमर लावा. टाइमर वाजला की जेवढे रेडी असतील तेवढ्यांचं कॉर्क एकाच लॉकमध्ये काढा. सगळे रेडी व्हायची वाट बघू नका, नाहीतर चार नंबर परत सगळ्यांना धरून बसेल. टीलेंग्थही (बफरमध्ये किती बाइट ठेवायचे ते माप) सगळ्यांना सारखी द्या, अॅडजस्ट_लेटन्सी फ्लॅगसकट. ४४,१०० हर्ट्झ, मोनो, १६ बिट असेल तर सेकंदाला ८८,२०० बाइट होतात. मी १७,६४० पासून, म्हणजे २०० मिलिसेकंदांपासून सुरू करीन. वायफायवर तुटक यायला लागलं तर वाढवा. दोन आणि तीन नंबर केबलवर आहेत की वायफायवर?