लसीकरणाच्या रांगेतले तुमचे अनुभव

भिंगरी:
काल कपाट आवरताना लेकीचं लसीकरण कार्ड हाती लागलं. घडीवर फाटलेलं, शाई पुसट. ती आता सतरा वर्षांची आहे. दीड महिन्याची नोंद वाचली आणि तो दिवस जसाच्या तसा समोर उभा राहिला. तीन तास रांगेत. आत गेल्यावर सिस्टरनी मान वर न करता "मांडी उघडी करा" म्हटलं, टोचलं, शिक्का मारला, पुढचा नंबर. काय दिलं, पुढे काय होईल, एक अक्षर नाही. रात्री ताप चढला, मांडी दगडासारखी कडक. आम्ही दोघं पहाटेपर्यंत आळीपाळीने तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होतो. मला वाटलं सुई चुकीच्या जागी बसली. अडीच महिन्यांच्या डोसला मी जाणारच नव्हते, सासूबाईंनी हट्टाने नेलं.

त्या दिवशी दुसऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी आधी विचारलं, "मागच्या वेळी ताप आला होता का?" मी तिथेच रडले. त्रिगुणी लशीतल्या (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) डांग्या खोकल्याच्या भागामुळे बऱ्याच बाळांना ताप येतो, एक-दोन दिवसांत उतरतो, गाठ हळूहळू जिरते, असं त्यांनी समजावलं. लस तीच होती, रांगही तेवढीच. पण त्यानंतर मी एकही तारीख चुकवली नाही.

तुमच्या लेकरांच्या वेळचं लिहा. चांगलं, वाईट, दोन्ही.

टिटवी:
गाठीचं अगदी अगदी!! मला शेजारच्या काकू म्हणाल्या चोळ, मी चोळली, तो आणखी कळवळला. चोळायची नसते हे फार उशिरा कळलं. बाळ उठलं, नंतर लिहिते

जुनं खोड:
बीसीजीसाठी, म्हणजे क्षयाच्या लशीसाठी, दोनदा परत पाठवलं. "आज कुपी फोडणार नाही, बाळं कमी आहेत." बायकोचे टाके ओले, बाळ अकरा दिवसांचं. राग अजून गेलेला नाही.

शीतसाखळी:
बावीस वर्षं लसीकरणाच्या टेबलावर काम केलंय, म्हणून लिहिते. जुनं खोड, तुमचा राग खरा आहे. बीसीजीची एक कुपी अनेक बाळांची असते. पावडर विरघळवली की काही तासांत वापरावी लागते, उरलेली टाकून द्यायची. गोवर-रुबेलाचंही तसंच. म्हणून पूर्वी बाळं जमायची वाट बघायचे. आता एका बाळासाठीही कुपी फोडा असंच सांगितलं जातं. लस वाया गेली तर पुन्हा मागवता येते, परत गेलेलं बाळ येईलच असं नाही. तुम्हाला निदान कारण आणि नक्की वार सांगायला हवा होता.

भिंगरीताई, आम्हाला चार गोष्टी सांगायला शिकवतात: कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढे कधी यायचं, आणि कार्ड जपा, येताना आणा. गर्दीच्या दिवशी पहिल्या दोन गळतात, तारीख तेवढी उरते. माझ्याकडूनही गळल्या आहेत. तुमचं वाचून फार वाईट वाटलं.

जुनं खोड:
हे तेव्हा दोन वाक्यांत कोणी सांगितलं असतं तर मी ओरडलो नसतो तिथे. आभार सिस्टर.

रातराणी:
बीसीजी वरून आठवलं. थोरल्याच्या दंडावर महिन्याभराने फोड आला, पू झाला, मी मलम लावायच्या बेतात. धाकटीला उलट वणच नाही! नणंद म्हणे लस लागलीच नाही, पुन्हा द्या.

शीतसाखळी:
दोन्ही चालतं. फोड आपोआप सुकतो, काही लावायचं नाही. वण नसला तरी पुन्हा देत नाहीत.

पाऊलवाट:
बाबांनी लिहिलं तर चालेल ना. साडेतीन महिन्यांच्या डोसला बायको तापाने फणफणलेली, मी एकटाच गेलो. सिस्टर म्हणाल्या, आडवं झोपवू नका, मांडीवर बसतं धरा, छातीशी. आधी थेंब, मग सुया, जास्त दुखणारी शेवटी. आई असती तर पाजता पाजता टोचलं असतं म्हणाल्या, त्याने दुखणं कमी जाणवतं. मुलगी रडली, पण घरी यायच्या आत हसत होती. पुढचे सगळे डोस मीच नेऊन दिले.

टिटवी:
@पाऊलवाट आमच्या ह्यांना वाचून दाखवते आत्ता 😄

सांजवेळ:
आमचा अनुभव चांगला नाही. नाक वाहतंय म्हणून गोवराच्या डोसला दोनदा परत पाठवलं. ताप नव्हता, खेळत होता. तिसऱ्यांदा जायच्या आत त्याला गोवर निघाला. नऊ दिवस डोळे उघडत नव्हता. बरा झाला, पण सगळे म्हणाले आईबापांनी हयगय केली. साध्या सर्दीत लस देता येते हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. आम्ही दोन्ही वेळा उन्हात जाऊन आलो होतो हो.

भिंगरी:
सांजवेळ, तुमची काही चूक नाही. काहीच नाही.

वडाचं झाड:
माझ्या थोरल्या भावाच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं, ती बातमी त्याने स्वतः मोठ्याने वाचून दाखवली होती. सर्व बालकांसाठी लसीकरणाचा जागतिक कार्यक्रम १९७४ चा. त्या पन्नास वर्षांत १५.४ कोटी जीव वाचले असा अंदाज २०२४ मध्ये आला. एवढं मोठं काम, आणि बाळंतिणीला टेकायला बाकडं नसतं, याचं मला दुःख होतं.

रातराणी:
आजोबा 🙏 बाकड्याचं खरंच. टोचल्यावर अर्धा तास थांबा म्हणतात, थांबायचं कुठे?

ओंजळ:
एक चांगला सांगते. वीज गेली होती, मी भीत भीत विचारलं लस खराब तर नाही झाली? वाटलं चिडतील. सिस्टरनी कुपी माझ्यासमोर धरली, लेबलवर वर्तुळात छोटा चौकोन होता. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट म्हणजे उष्णतेने लस खराब झालेली नाही, वर्तुळाइतका गडद झाला की ती कुपी टाकायची. त्यानंतर दरवेळी न विचारता दाखवायच्या.

टिटवी:
हे माहीतच नव्हतं!! सिस्टर, उद्या आमचा गोवर-रुबेलाचा डोस आहे आणि सकाळपासून नाक वाहतंय. ताप नाही, अंगावर पितोय. नेऊ ना?

शीतसाखळी:
न्या. परत पाठवायला लागले तर कारण विचारा, मोठ्या डॉक्टरांना भेटायचं म्हणा. कार्ड आत्ताच पिशवीत टाका.

टिटवी:
टाकलं.