विषय: ऑर्लँडो सहल: हॉटेल कुठलं, आणि बसबद्दल काय लिहायचं?

प्रेषक: सहल समन्वयक

नमस्कार मंडळी,

वॉल्ट डिस्ने वर्ल्डची सहल नक्की झाली, पण गाडं अडलंय ते हॉटेलवर. निम्म्या कुटुंबांना मोनोरेलवरचंच हॉटेल हवंय. बाकीचे म्हणतात, "कुठलंही घ्या, बस आहेच की." मागच्या बैठकीत असंही ठरलं होतं की मंडळातर्फे डिस्ने वर्ल्डला तिथल्या बससेवेबद्दल सूचनांचं एक पत्र पाठवायचं. ते लिहायला बसले तर एकच वाक्य सुचतंय: "बस वाढवा." अण्णा, तुमची नोकरी शहराच्या बस चालवण्यात गेली. एवढंच लिहून पाठवू का?

(कृपया नुसतं "+१" लिहून सगळ्या यादीला मेल करू नका.)

---

प्रेषक: अण्णा

एवढंच लिहून पाठवू नकोस. जगातल्या प्रत्येक बस कंपनीला हे वाक्य रोज येतं आणि रोज एकाच फाइलमध्ये जातं.

आधी जागेचा आवाका बघा. साधारण १०० चौरस किलोमीटर, म्हणजे एक शहरच. त्यात चार मोठी पार्क: मॅजिक किंगडम १९७१चं, एपकॉट १९८२चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९चं आणि अ‍ॅनिमल किंगडम १९९८चं. ही एकाच आराखड्यात बसवलेली नाहीत, जसजशी सुचली तसतशी बांधली. मोनोरेल सुरुवातीला फक्त मॅजिक किंगडमच्या तळ्याभोवती फिरायची, एपकॉटपर्यंत ती १९८२ मध्ये नेली आणि तिथेच थांबली. अ‍ॅनिमल किंगडमला आजही ना मोनोरेल जाते ना होडी. गाडी नसेल तर बसच. म्हणजे बस ही तिथली जोडसेवा नव्हे, तोच कणा आहे.

आता "वाढवा"बद्दल. पार्कच्या बसना छापील वेळापत्रक नसतं, साधारण दर २० मिनिटांनी एक असं सांगतात. तासाला तीन बस धरा. त्या बरोबर वीस-वीस मिनिटांनी आल्या, तर थांब्यावर कधीही पोचणाऱ्या माणसाला सरासरी १० मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन बस ५, ५ आणि ५० मिनिटांच्या अंतराने आल्या तर? बस तेवढ्याच, ड्रायव्हर तेवढेच, डिझेलही तेवढंच. पण सरासरी थांबणं होतं २१ मिनिटांच्या वर. कारण सहातली पाच माणसं त्या ५० मिनिटांच्या खिंडीतच येऊन पडतात. उरलेल्या एकाला वाटतं, सेवा झकास आहे.

आणि बस अशा चिकटून येतात त्यात ड्रायव्हरचा आळस नसतो. एक बस दोन मिनिटं मागे पडली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला वेळ लागतो, बस आणखी मागे पडते. तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत, ती सुसाट येऊन हिला गाठते. पार्कात हे शहरापेक्षा लवकर घडतं, कारण बसमध्ये स्ट्रोलर (लहान मुलांची ढकलगाडी) घडी करूनच न्यावा लागतो. झोपलेलं पोर एका खांद्यावर, दुसऱ्या हाताने ती घडी, आणि मागे चाळीस माणसांची रांग. कल्पना करा.

यावर उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे: वेळेआधी पोचलेल्या बसला थांब्यावर मिनिट-दोन मिनिटं अडवून ठेवायचं. प्रवाशांना ते आवडत नाही. भरलेली बस उभी का, म्हणून आमच्याकडे लोक काचा बडवायचे. पण पत्रात पहिलं वाक्य हेच असू दे: दोन बसमधला वेळ सारखा ठेवा.

---

प्रेषक: वहिनी

अण्णा, आमच्या सासूबाई व्हीलचेअरवर असतील, म्हणून विचारते. तिथल्या बसमध्ये व्हीलचेअर सगळ्यांत आधी चढवतात, हे चांगलंच आहे. पण बसमध्ये तशा जागा थोड्याच. दुसऱ्या एका मोठ्या पार्कात (नाव घेत नाही) आमच्या आधी विजेवर चालणाऱ्या व्हीलचेअरवरचे दोघं होते. बस आली, ते चढले, आम्ही राहिलो. पुढच्या बसलाही तेच. राग कुणावर काढायचा? ते तर आमच्यासारखेच. त्रास याचा झाला की पुढच्या बसमध्ये जागा आहे की नाही हे सांगणारं कुणीच नव्हतं. सासूबाई तशाच उन्हात.

---

प्रेषक: दादा (स्ट्रोलरवाला)

माझं मत स्कायलायनरला. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेला हा रोपवे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला पॉप सेंच्युरी, आर्ट ऑफ अ‍ॅनिमेशन, कॅरिबियन बीच आणि रिव्हिएरा या हॉटेलांशी जोडतो. एका डब्यात दहापर्यंत माणसं, आणि डबे एकामागून एक येतच राहतात. अण्णांचं ते ५ आणि ५० चं गणित इथे लागूच होत नाही! शिवाय स्ट्रोलर मावत असेल तर घडी करायची गरज नाही. वहिनी, व्हीलचेअर चढवायला बाजूला वेगळी सोय असते, तिथे डबा पूर्ण थांबवतात. सगळ्यांनी यांतलंच एक हॉटेल घेऊ या.

---

प्रेषक: अण्णा

दादा, बरोबर आहे, पण फ्लोरिडातली उन्हाळ्यातली दुपार विसरलास. विजा चमकायला लागल्या की रोपवे बंद करतात, करायलाच हवा. आणि त्या घटकेला चार हॉटेलांची माणसं बसथांब्यावर उतरतात. पत्रात हा मुद्दा घालायलाच हवा. वादळ येतंय हे अर्धा तास आधी दिसतं, मग बस तेव्हाच निघून थांब्याजवळ उभ्या असाव्यात. डबे थांबल्यावर आगारातून निघून उपयोग नाही.

दुसरं, कॅरिबियन बीचसारखं हॉटेल तळ्याभोवती पसरलेलं आहे, आतच कित्येक थांबे. सकाळी बस पहिल्या थांब्यांवर भरली तर शेवटच्या थांब्यावरच्यांनी काय करायचं? एक दिवस फेरी उलट्या बाजूने चालवावी, किंवा गर्दीच्या वेळी एखादी रिकामी बस थेट शेवटच्या थांब्यावर पाठवावी. फोर्ट वाइल्डरनेसच्या कॅम्पमध्ये आतल्या फिरत्या बस वेगळ्या आणि पार्कच्या वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यात बस बदलावी लागते, पण बाहेरची बस आतल्या गल्ल्यांत अडकत नाही. लेकुरवाळ्यांना बदलणं नको असतं, हेही खरं. दोन्हीकडे काहीतरी सोडावं लागतं.

रात्रीचं म्हणाल तर आतषबाजी संपल्यावरचा लोंढा कुठल्याही बससंख्येने एका झटक्यात उपसता येत नाही. येणारच नाही. तासभराच्या गर्दीसाठी घेतलेली बस उरलेला दिवस उभी राहते. लोंढा पसरवणं हाच मार्ग. मॅजिक किंगडम बंद झाल्यावरही आतल्या मेन स्ट्रीट या रस्त्यावरची दुकानं बराच वेळ उघडी ठेवतात, ते फक्त धंद्यासाठी नाही असं मला नेहमी वाटत आलंय (धंदा होतो, ते वेगळं).

वहिनी, तुमचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. अ‍ॅपमध्ये आणि थांब्यावरच्या फलकावर पुढची बस किती मिनिटांत येणार हे दाखवतात. त्यातच व्हीलचेअरची जागा मोकळी आहे की भरली हे दाखवायला काय हरकत आहे? ड्रायव्हर जागा भरताना पाहतोच, एक बटण दाबायचं काम. फलक आधी, अ‍ॅप नंतर. आजीच्या हातात फोन नसतो.

---

प्रेषक: वहिनी

सासूबाईंच्या हातात फोन असतो हो! तुमचे सगळे मेल त्याच वाचून दाखवतात. पण फलकाचं पटलं.

---

प्रेषक: सहल समन्वयक

सगळ्यांचे आभार. पत्राचा मसुदा असा करते: बस सारख्या अंतराने सोडा, वादळाच्या दिवशी बस आधी आणून ठेवा, व्हीलचेअरची जागा फलकावर दाखवा, आणि लांबच्या थांब्यांचा क्रम आलटून पालटून ठेवा. "बस वाढवा" हे वाक्य काढलं. अण्णा, ५-५-५० चं उदाहरण जसंच्या तसं घालतेय.

हॉटेलचं असं करू या. वहिनींचं आणि ज्येष्ठांबरोबर येणाऱ्या कुटुंबांचं बुकिंग कंटेम्पररी हॉटेलात, कारण तिथून मॅजिक किंगडमला चालत जाता येतं, व्हीलचेअर ढकलत सुद्धा, आणि मोनोरेलही आहे. लहान मुलंवाले पॉप सेंच्युरीत. अ‍ॅनिमल किंगडमच्या दिवशी सगळ्यांनाच बस आहे, तेव्हा त्या दिवशी एकत्र निघायचा हट्ट नको. चाळीस जण एकाच थांब्यावर एकदम उभे राहिलो तर लोंढा आपणच. दोन-दोन कुटुंबांनी सुटं निघायचं आणि आत भेटायचं.

ज्यांना हे मान्य नाही त्यांनी मला थेट कळवा, यादीवर नको. दादा, मुलांची वयं अजून पाठवली नाहीस.